सापडत नाही

चिरुंडूच्या पुलाअलीकडे ट्रक चार-चार दिवस उभे असतात,
तांब्याचे पत्रे लादलेले, ताडपत्रीखाली तापत.
रात्री झांबेझीतून पाणघोडे वर येतात
आणि दोन ट्रकांमधलं गवत खात बसतात.
माझा दवाखाना म्हणजे एक निळा कंटेनर.
दोन खुर्च्या, एक पंखा,
दारावर कुणीतरी खिळ्याने कोरलेली शिवी.
ती मी अजून रंगवून टाकलेली नाही.

काफ्विंबी आला तेव्हा साडेआठ वाजले होते.
बोट पुढे केलं, तोंड फिरवलं.
तीस टन हाकणारा माणूस,
सुई दिसताच डोळे मिटतो.
थेंब पट्टीवर ठेवला.
म्हटलं, आता वीस मिनिटं.

त्या वीस मिनिटांत माणसं काय काय विचारतात.
डासाने होतो का?
नाही रे. डास रक्त नेतो, दुसऱ्याच्या अंगात ओतत नाही,
आणि त्याच्या पोटात हा विषाणू टिकतच नाही.
घामाने? खोकल्याने? संडासाच्या भांड्याने?
नाही, नाही, नाही.
मग?

मी सांगते, बाजारात मासळीवाली भाव सांगते तशी,
न लाजता, न थांबता :
रक्ताने. वीर्याने. योनीतल्या ओलाव्याने.
मागच्या वाटेने तर जास्तच.
दोघांनी एकच सुई टोचून घेतली तर.
उपचार नसलेल्या आईच्या दुधाने.
बाहेरच्या हवेत तो फार तग धरत नाही.
एका अंगातून दुसऱ्या अंगात जायला
त्याला वाट लागते;
आणि ती आपण देतो.

तो माझ्या टेबलावरच्या पत्र्याच्या मगाकडे बघत होता.
मग म्हणाला, बायकोला आहे. चिलेशेला.
आठ महिने झाले.
तेव्हापासून घरी गेलो तरी ट्रकमध्येच झोपतो.
शेजाऱ्यांना सांगतो, डिझेल चोरीला जातं.
तिच्या हातचं खातो, पण तिच्या ताटातलं नाही.
तिचं उष्टं पाणी तर नाहीच.

गोळ्या घेते?
घेते. पण त्या दवाखान्यात काहीतरी गोंधळ आहे.
त्याने खिशातून घडी घातलेला कागद काढला,
घड्यांवर फाटत आलेला.
दोनदा रक्त नेलं, आणि दोन्हींवर लिहिलंय
‘सापडत नाही’.
रक्तच हरवलं त्यांनी.

मी कागद दिव्याखाली धरला.
मला हसू आलं, आणि ते दाबताना डोळ्यांत पाणी.
अरे, रक्त नाही हरवलं.
त्या रक्तात विषाणू शोधला, तो सापडत नाही.
आहे, कुठेतरी दडून आहे,
पण गोळ्यांनी इतका कमी झालाय
की ती तुला तो देऊच शकत नाही.
अंथरुणातसुद्धा नाही.
गोळ्या सुटल्या नाहीत तर.

बराच वेळ तो काही बोलला नाही.
पट्टीवर एकच रेघ उमटली होती.
सांगितलं. त्याने मान हलवली, आनंद नाही झाला.
पुलापलीकडे कुणी आहे? मी विचारलं.
एकदा. मागच्या महिन्यात.
निरोध?
नाही.

बायकोच्या कपाला भ्यालास, मी म्हटलं,
आणि तिथे नाही भ्यालास?
एवढं बोलायला नको होतं. नोकरीत बसत नाही ते.
तो खाली बघत राहिला.
बहात्तर तासांत आला असतास तर गोळ्यांनी अडवता आलं असतं.
आता ही एक रेघ पुरी नाही;
तीन महिने भरले की पुन्हा ये.
तोवर निरोध, चिलेशेजवळही.
आता तुझ्यामुळे तिला काही व्हायला नको.
आणि तेल लावू नकोस, रबर फाटतं.
हे तो आधी लाजत, मग नीट लक्ष देऊन ऐकत होता.

नऊ वाजता त्याचा फोन एकदा वाजून बंद झाला.
रोज देते, तो म्हणाला, मिस्ड कॉल.
गोळी घेतली, एवढंच सांगायला.
मी कधी उलट करत नाही. पैसे जातात.

पाकिटं खिशात कोंबून तो निघाला.
मग परत आला, मग उचलला, उरलेलं पाणी पिऊन टाकलं,
माझंच उष्टं,
त्याच्या लक्षातही आलं नसावं.

बाहेर अंधारात फोनवर त्याचा आवाज ऐकू येत होता.
शेळी व्याली का, विचारत होता.
किती पिलं? मोठ्याने. पुन्हा : किती?